१९८२ च्या अँबेसिडरला पॉवर स्टिअरिंग बसवावं की नको?

हापूसवाट (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांची अँबेसिडर मार्क ४ आहे, १९८२ ची. पेट्रोल, १४८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर, पुढे एकसंध बाकडं सीट, डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा हँडब्रेक. गाव देवगड तालुक्यात. गाडी रोज फिरते म्हणायला हरकत नाही. बाजार, दवाखाना, बंदर, आणि मे महिन्यात माणसं आणायला कणकवली स्टेशन. अधूनमधून गगनबावड्याने कोल्हापूर.

बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत आणि गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा खांदा आखडलाय. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर. चालत्या गाडीत काही वाटत नाही, पण आमच्या घराची वाट दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) येते आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी वळवायची म्हणजे मागे-पुढे करत दोन-तीन कट मारावे लागतात. तिथे त्यांचा जीव जातो. गिअर टाकायला डावा हात गेला की चाक एकट्या उजव्या हातावर येतं, आणि नेमका तोच दुखरा.

कणकवलीचा एक मेस्त्री म्हणतो, वॅगनआरचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम बसवून देतो, दोन दिवसांचं काम. पुण्याचा भाऊ म्हणतो, गाडीला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. तुमच्यापैकी कोणी हे केलंय का? करावं का?

बांद्याचो_बाबलो (सोमवार, रात्री ९.३०)

बाबांका इचारलास काय? गाडी तेंची, खांदो तेंचो, आणि हय मतदान आमचा!

रॅकपिनियन (सोमवार, रात्री १०.४८)

हापूसवाट, बसवण्याचा विचार नंतर करू. आधी मला सांगा, स्टिअरिंग कधीपासून जड आहे? पहिल्यापासून की अलीकडे?

विचारतोय कारण अँबेसिडरचं स्टिअरिंग मुळात वाईट नाही. ही गाडी मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आलेली, आणि त्या गाडीला त्या काळातही रॅक अँड पिनियन होतं, म्हणजे दातेरी पट्टी आणि ती सरकवणारं छोटं दंतचक्र. फियाट-पद्मिनीला वर्मचा बॉक्स आहे, जुन्या जीपला कॅम-लिव्हरचा. त्यांच्या तुलनेत अँबेसिडरचा रॅक साधा आणि थेट. बाकडं सीटवर पुढे तीन माणसं बसवून, मागे पाच कोंबून, ही गाडी वर्षानुवर्षं टॅक्सीवाल्यांनी आंबोली घाटात चालवली. ते काही पैलवान नव्हते.

तर एक चाचणी करा, पैसे लागत नाहीत. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, जांभ्याचा चिरा तर अजिबात लावू नका, चिरा सांगून फुटत नाही. इंजिन बंद, चाकं हवेत. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दोन बोटांनी फिरलं पाहिजे. फिरलं, तर जडपणा टायर आणि जमिनीच्या घर्षणाचा आहे. हवेतही जड लागलं, तर आत काहीतरी सुकलंय, वाकलंय किंवा जास्त कसलंय, आणि त्यावर पॉवर स्टिअरिंग बसवणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. मोटर तो अडलेला सांधा जोराने फिरवत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही.

हवेत जड लागल्यास दोन्ही टायरॉड एंड (रॅकला चाकांशी जोडणारे सांधे) सोडवा. रॅक एकटा फिरवून बघा, मग प्रत्येक चाक हाताने डावी-उजवीकडे वळवून बघा. कुठे अडतंय ते तिथल्या तिथे कळतं.

शिवाय टायर कुठले आहेत? मूळ माप ५.९०-१५. हवा किती भरता?

सुरंगी (मंगळवार, सकाळी ७.०५)

मी कुडाळची. माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. तिला बोलेरोचा हायड्रॉलिक पॉवर बॉक्स आणि पंप बसवून घेतलाय, म्हणून अनुभवाचं सांगते.

बसवण्याआधी जीप मी फक्त मोकळ्या रस्त्यावर चालवायचे. सावंतवाडीच्या बाजारात शिरायचं म्हटलं की नवऱ्याला बोलवायचं. आता बोलवत नाही. मला तेवढं पुरे. 'ओरिजिनल ठेवा' असं जे सांगतात त्यांना एकदा बाजाराच्या गर्दीत भाजीवाल्यांच्या मधून रिव्हर्स काढायला सांगा, मग बोलू.

पण जीपचं सोपं होतं. जीपमध्ये जागा भरपूर, बॉक्स चासीच्या बाहेरून बसतो, आणि बोलेरो त्याच घराण्यातली. तरी पंपाचा ब्रॅकेट दोनदा बदलावा लागला, बेल्ट किंचाळायचा. पाईपचे जोड पहिल्या पावसात झिरपले. अँबेसिडरच्या बोनेटखाली पंप कुठे बसवणार ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. माझ्या बॉक्सचं प्रमाणच वेगळं आहे, त्यामुळे चाक फिरवणं हलकं झालं आणि फेरेही कमी झाले. तुमच्या इलेक्ट्रिक कॉलममध्ये रॅक तोच राहणार, म्हणजे फेरे तेवढेच. खांद्याला जोर कमी लागेल, हात मात्र तितकाच फिरवावा लागेल. फ्रोझन शोल्डरला जोराचा त्रास आहे की फिरवण्याचा, हे डॉक्टरांना विचारा.

हापूसवाट (मंगळवार, दुपारी १.२०)

@रॅकपिनियन, चाचणी रविवारी करतो. टायरचं विचारलंत म्हणून गाडीखाली वाकून बघून आलो. तीन वर्षांपूर्वी भाच्याने हौसेने अलॉय आणि रुंद रेडियल घातले होते, २०५ चे. दिसतात झकास, थोडे बाहेरही येतात. त्याच वेळी त्याने मूळ मोठं चाक काढून लहान स्पोर्ट्स स्टिअरिंग लावलं. मूळचं माळ्यावर आहे. हॉर्नची रिंग तुटली होती म्हणून काढलं म्हणे.

@सुरंगीताई, हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारतो.

रॅकपिनियन (मंगळवार, दुपारी १.४१)

हापूसवाट!! हे पहिल्या पोस्टीत लिहायचं होतं हो.

लहान चाक म्हणजे तरफ लहान. व्यास जितका कमी, तितका हाताला जोर जास्त. हा साधा हिशेब आहे, आणि मॉरिसवाल्यांनी ते भलंमोठं चाक शोभेसाठी दिलेलं नव्हतं. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, उभ्या गाडीत ते सगळं रबर रगडून फिरवायचं. आणि चाक बाहेर आलं की टायरचा मध्य वळण्याच्या अक्षापासून लांब जातो. मग उभ्या गाडीत चाक आणखी जड, आणि चालत्या गाडीत प्रत्येक खड्डा थेट तुमच्या मनगटात. बाबांच्या खांद्याला हे तिन्ही एकदम मिळालेत.

हवेचंही बघा. मॅन्युअलमधला आकडा क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीच्या) टायरचा असतो, रेडियलला थोडी जास्त लागते. कमी हवेवर रेडियल उभ्या गाडीत चिकटून बसतो.

निवृत्त_वायरमन (मंगळवार, रात्री ८.१५)

विजेचा भाग कोणी काढला नाही म्हणून लिहितो. बॅटरी चार्ज करायला गाडीत जुना डायनॅमो आहे की नवा अल्टरनेटर?

त्या काळच्या या गाड्यांत लुकासच्या जातीचा डायनॅमो असायचा. त्यातल्या सी-४० मॉडेलची मजल २२ अँपिअर, तीही इंजिन पळत असताना. आयडलवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा दिवा लुकलुकतो तो उगाच नव्हे. आता इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला जोर कधी लागतो? गाडी उभी, इंजिन आयडलवर, चाक शेवटापर्यंत वळवलेलं. तेव्हा मोटर क्षणभर तीस-चाळीस अँपिअर आणि त्याहूनही जास्त ओढते. म्हणजे सगळं बॅटरीतून.

त्यात आपला जुलै. ५५ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे नऊ अँपिअर, वायपर, पंखा, टेललाईट. डायनॅमो आधीच घाम गाळतोय, वर ही मोटर. खारेपाटणला बॅटरी झोपली की पॉवर स्टिअरिंग आणि गाडी दोन्ही ढकलायची.

अल्टरनेटर बसवणं कठीण नाही, पण ते आधी. मोटरला थेट बॅटरीवरून जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज. इग्निशनच्या जुन्या वायरीवर जोडणारा मेस्त्री असेल तर त्याच्याकडून चहा प्या आणि परत या.

आणखी एक. नव्या गाडीत त्या कॉलमच्या कंट्रोलरला गाडीचा वेग कळतो, वेग वाढला की मदत कमी होते. अँबेसिडरच्या स्पीडोमीटरला केबल आहे, सिग्नल नाही. वेग न कळल्यास कुठला कंट्रोलर मदत बंद करतो, कुठला एकाच पातळीवर अडकून राहतो. पार्किंगसाठी ठेवलेला हलकेपणा तासाला ऐंशीवर तसाच राहिला तर हायवेवर गाडी लोण्यासारखी घसरते. मेस्त्रीला विचारा, वेगाचं काय करणार? उत्तर 'काय होत नाय' असं आलं तर नको.

बांद्याचो_बाबलो (मंगळवार, रात्री ८.२२)

'काय होत नाय' ही आमच्याकडची आयएसआय मार्का गॅरंटी असा.

चासीनंबर (मंगळवार, रात्री ९.५०)

१९८२ म्हणजे लवकरच व्हिंटेज. व्हिंटेज रजिस्ट्रेशन घ्यायचं असेल तर बदल करू नका, गाडीची किंमत जाईल.

वकिलीणबाई_रत्नागिरी (मंगळवार, रात्री १०.३०)

चासीनंबर, लवकर नाही, २०३२ साली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबर 'व्हीए' मालिकेतला. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. बाबांना दवाखान्यात जायचंय. व्हीए घेऊन ते रॅली काढून जाणार का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कडकपणे वाचलं. आरसीवर स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून उद्या कोणी गाडी अडवेल असं नाही. पण अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले स्टिअरिंगच्या जोडापासून सुरुवात करतील. बसवलंत तर त्यांना लेखी कळवा, पोच ठेवा. आणि मेस्त्रीकडून बिल घ्या, ज्यावर काय बसवलं ते लिहिलेलं असेल. बिल द्यायला तयार नसलेला माणूस स्टिअरिंगला नको.

पद्मिनीवाला (बुधवार, सकाळी ६.४०)

मूळ मुद्दा अजून कोणी बोललेलं नाही. गिअर!

हापूसवाटच्या गाडीत गिअर स्टिअरिंगवर आहे. गिअरची दांडी कॉलमच्या अंगानेच खाली उतरते. वॅगनआरच्या कॉलमला मोटर आणि गिअरबॉक्सचा गोळा डॅशबोर्डखाली नेमका त्याच जागी येतो. वॅगनआरचा गिअर जमिनीवर, त्यांना काय चिंता. मी पद्मिनीसाठी हे सगळं मोजून बघितलंय, माझीही स्टिअरिंग-गिअरची. मोटर फिरवून वर घ्यावी तर डॅशबोर्ड कापावा लागतो, खाली घ्यावी तर क्लच मारताना गुडघा आपटतो. म्हणून ज्यांनी केलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी गिअर जमिनीवर आणला. तो आणला की बाकडं सीट जाते. सीट गेली की मधला माणूस गेला. मग उरली कुठली अँबेसिडर?

नंतरच्या इसुझू इंजिनाच्या १८०० ला गिअर जमिनीवर होता आणि शेवटच्या काळातल्या काही गाड्या तर कंपनीतूनच पॉवर स्टिअरिंगच्या आल्या. मेस्त्रीने 'दोन दिवसांत' बसवल्या असतील त्या तसल्या. त्याला विचारा, स्टिअरिंग-गिअरच्या गाडीला बसवलंय का? दाखव.

रॅकपिनियन (बुधवार, सकाळी ८.१०)

पद्मिनीवाल्यांनी वर्मावर बोट ठेवलं. मी त्यात भर घालतो: मूळ शाफ्ट आणि नवा कॉलम जोडणार कसा? इथेच खरी भीती. काही ठिकाणी दोन्ही दांड्या कापून मधे पाईपचा तुकडा घालून वेल्डिंग मारतात. वरून ग्राईंड करून काळा रंग. दिसायला कंपनीसारखं. ते वेल्डिंग घाटातल्या वळणावर सुटलं तर चाक हातात राहतं आणि गाडी दरीत. जोड हवा तो स्प्लाईनचा (दांडीवरच्या उभ्या खाचांचा), युनिव्हर्सल जॉईंटसकट, बोल्टने बांधलेला, काढता येणारा. दोन्ही बाजूंची स्प्लाईन वेगळी असते, म्हणून मधला तुकडा चांगल्या मशीन शॉपमध्ये करून घ्यावा लागतो. असा तुकडा कोल्हापुरात होईल. पण ते दोन दिवसांत होत नाही, आणि खर्च नेमका इथेच फुगतो.

घाटावरचा_पाहुणा (बुधवार, दुपारी ३.१५)

हे सगळं ठीक, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली चाळीस वर्षांची गाडी करूळ घाटातून उतरवताय आणि चर्चा स्टिअरिंगची? पैसा असेल तर आधी व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज. स्टिअरिंग जड असलं तर माणूस दमतो. ब्रेक गेला तर काय होतं ते लिहीत नाही.

सुरंगी (बुधवार, दुपारी ३.४०)

पाहुणे, मुद्दा बरोबर, पण दोन्ही कामं होऊ शकतात. दमलेल्या माणसाने घाट उतरणं हीदेखील सुरक्षेचीच गोष्ट आहे.

आणि उतारावर न्यूट्रल मारून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे काका आपल्याकडे घरटी एक आहेत. हायड्रॉलिक बसवलं आणि ती सवय राहिली, तर इंजिन बंद होताच स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड होतं. हापूसवाट, बाबांना ही सवय आहे का? खरं सांगा.

हापूसवाट (रविवार, संध्याकाळी ६.५५)

सुरंगीताई, आहे. पुढचं विचारू नका.

आज चाचणी केली. शेजारच्या गावातला एक म्हातारा मेस्त्री आला होता, ज्याने एके काळी एसटीत काम केलंय. चाकं हवेत घेतली. स्टिअरिंग दोन बोटांनी सोडाच, एका हातानेही नीट फिरेना. टायरॉड सोडवले. रॅक छान सुळसुळीत. डावं चाक हाताने वळलं. उजवं हलेना! त्या बाजूच्या स्विव्हल पिनचा (चाक जिच्यावर वळतं ती पिन) खालचा ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, लाल मातीने आणि जुन्या ग्रीसने दगड झाला होता. ग्रीसगन लावली की ग्रीस बाहेरच्या बाजूने परत, आत थेंब नाही. सर्व्हिसिंगवाला पोरगा इतकी वर्षं बाहेरूनच पुसून देत असणार.

निपल काढला, रॉकेल आणि तेल सोडून काही तास ठेवलं, गाडी उचलून चाक थोडं थोडं हलवत राहिलो, नवा निपल, मग ग्रीस आत गेलं. मेस्त्री म्हणाले पिनेला झीज आहे, पण लगेच बदलायची गरज नाही. रॅकचा एक रबरी बूट फाटला होता, तो बदलला आणि आत ९० नंबरचं तेल घातलं. माळ्यावरचं मोठं चाक परत लावलं. टायर अजून तेच आहेत, ५.९०-१५ कोल्हापुरात विचारतोय.

फरक पुष्कळ आहे. चालती गाडी आता छान वळते, वळणानंतर चाक आपोआप सरळही येतं, पूर्वी यायचं नाही. उभ्या गाडीत मात्र अजून जड आहे. बाबांनी खळ्यात वळवून दाखवली, तोंड वाकडं न करता. पण दुसऱ्या कटला थांबून खांदा चोळला, ते मी पाहिलं.

रॅकपिनियन (रविवार, संध्याकाळी ७.२०)

चाक आपोआप सरळ येतं हे वाचून बरं वाटलं. अडकलेल्या पिनेवर मोटर बसवली असती तर ते कधीच आलं नसतं, आणि रात्री कुठल्या तरी वळणावर गाडी गडग्यात.

अरुंद टायर आले की उभ्या गाडीतलाही बराच भार जाईल. त्यानंतर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करा, टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली ठेवणं) मॅन्युअलप्रमाणे. महिनाभर चालवा. मग ठरवा.

हापूसवाट (रविवार, रात्री ९.०५)

डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं, त्रास जोराचा आहे, आणि हात खांद्याच्या वर नेण्याचा. चाक फिरवायला हरकत नाही, व्यायामच म्हणाले. म्हणजे सुरंगीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मदतीच्या बाजूने गेलं.

कणकवलीच्या मेस्त्रीला फोन केला. स्टिअरिंग-गिअरच्या गाडीला बसवलंय का विचारलं. म्हणाला, 'गिअर खाली घेऊ, काय होत नाय.' बाबा शेजारी होते. ते म्हणाले, गिअर खाली आला की मी खाली उतरलो.

त्यामुळे तूर्त असं ठरलंय. टायर आणि अलाइनमेंट आधी. डायनॅमो काढून अल्टरनेटर, कारण तो पावसासाठी तसाही हवाच आहे. ब्रेकचे होज त्याच वेळी. एवढं करून खांद्याला जमलं तर कॉलमचा विषय बंद. नाही जमलं तर गणपतीनंतर कोल्हापूरच्या मशीन शॉपमध्ये गाडी नेऊन जागा मोजून घ्यायची, गिअर जागेवर ठेवून बसतं का ते बघायला. नाही बसलं तर बाबा चालत्या गाडीत आणि मी खळ्यात, असा तह झालाय. त्यांनी तो अजून मान्य केलेला नाही.

पद्मिनीवाला (रविवार, रात्री ९.३०)

मोजायला जाल तेव्हा मला कळवा, मीही पद्मिनी घेऊन येतो. आणि काहीही झालं तरी मूळ कॉलम कापू देऊ नका. अख्खा काढून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. नवं नाही आवडलं तर संध्याकाळी परत बसवता आलं पाहिजे.

निवृत्त_वायरमन (रविवार, रात्री ९.५२)

अल्टरनेटर घेताना पुली आणि ब्रॅकेट सोबत घ्या, नाहीतर बेल्ट सरळ रेषेत येत नाही. आणि जुनी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह (बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय), ते जोडण्याआधी बॅटरीच्या टोकांवर बघा. उलटं जोडलंत तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. माझ्या ब्रॅकेटचा फोटो उद्या टाकतो.

बांद्याचो_बाबलो (रविवार, रात्री ९.५८)

आणि तो भाचो खंय असा? तेका सांगा, अलॉय इकूचे असतीत तर माझो मेव्हणो घेतलो.